बेअरिंग मोजू नका, बाटली लटकवा: अल्ट्रालाइटसाठी स्पिनिंग रील निवडताना

(भागात जे बोललो तेच थोडं नीट करून इथे लिहून काढलंय. ज्यांना इअरफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी.)

पाऊस उघडला, पाणी निवळायला लागलं, आणि इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "दादा, अल्ट्रालाइट सुरू करायचंय, रील कुठलं घेऊ? हलकं पाहिजे, स्मूथ पाहिजे, बजेट फार नाही." सोबत बहुतेक वेळा स्क्रीनशॉट असतो. दोन रीलं शेजारी शेजारी. एकावर लिहिलंय १३+१ बेअरिंग, दुसऱ्यावर ४+१. किंमत जवळपास तीच. आणि खाली, "१३ वालंच भारी ना?"

आजचा अख्खा भाग या स्क्रीनशॉटवर आहे असं समजा. उत्तर आधीच सांगून टाकतो: माहीत नाही, आणि त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. कशावरून सांगता येतं, ते आता बघू.

आधी अल्ट्रालाइट म्हणजे काय ते दोन मिनिटांत, कारण बरेच जण नवीन जोडले गेलेत. आपण जे ल्युअर फेकतो, ते साधारण १ ते ५ ग्रॅमचं. खिशातलं एक रुपयाचं नाणं काढा, ते तीन-चार ग्रॅमचं असतं. म्हणजे नाण्याएवढं किंवा त्याहून हलकं काहीतरी वीस-पंचवीस मीटर लांब फेकायचंय. लाइन २ ते ६ पाउंडाची. रॉड साडेपाच ते सात फूट, मऊ, टोकाकडे जवळजवळ खराट्याच्या काडीसारखा लवचिक. आपल्याकडे यावर काय लागतं? धरणाच्या, तलावाच्या काठाला चिलापी. वाळूच्या किनाऱ्यावर मुडदुशी. खाडीच्या तोंडाशी छोटे ट्रेव्हली, असेच छोटे शिकारी मासे. पाव किलो, अर्धा किलो, नशीब जोरावर असेल तर किलो. मजा माशाच्या आकारात नसते, मासा आणि आपण यांच्यामध्ये किती कमी सामान आहे त्यात असते.

आणि एक गोष्ट इथेच. मरळ आणि जिताडा अल्ट्रालाइटवर मुद्दाम टार्गेट करू नका. मरळ गवतात, पाणवेलीत घुसतो. जिताडा, म्हणजे गोव्याकडचा चोणक, कांदळवनाच्या मुळांकडे आणि कालवं चिकटलेल्या खडकांकडे पळतो. चार पाउंडाच्या लाइनने त्यांना अडवता येत नाही. लाइन तुटते आणि मासा तोंडात गळ घेऊन जातो. व्हिडिओला लाइक मिळतील, पण त्या माशाचं काय झालं हे त्यात दिसत नाही. हा मुद्दा आत्ताच काढला, कारण आजच्या विषयाचा त्याच्याशी थेट संबंध आहे. रील खराब असेल तर अर्ध्या किलोच्या चिलापीवरसुद्धा हेच होतं.

आता रीलकडे. स्पिनिंग रीलच का? बेटकास्टिंग का नाही? गंमत सांगतो. हे रील ज्याच्या नावावर आहे तो माणूस कापडवाला होता. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डला लोकरीच्या कापडाच्या धंद्यातला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ. त्याने १९०५ मध्ये अशा रीलचं पेटंट घेतलं ज्यात स्पूल फिरतच नाही. कल्पना गिरणीतल्या बॉबिनवरून. ज्यांच्या घरात कुणी गिरणीत कामाला होतं त्यांना पटकन कळेल: बॉबिन जागच्या जागी उभं असतं, आणि सूत त्याच्या टोकावरून सुळसुळ सुटत येतं. बॉबिन फिरवायला लागत नाही, म्हणून सुताला ओढही लागत नाही.

आपल्या दोन ग्रॅमच्या ल्युअरला नेमकं हेच हवं असतं. साध्या बेटकास्टिंग रीलमध्ये ल्युअरला उडता उडता अख्खा स्पूल फिरवावा लागतो, आणि एवढ्याशा ल्युअरमध्ये तेवढा दम नसतो. खास हलक्या ल्युअरसाठीची बेटकास्टिंग रीलं आता मिळतात, पण तो महागडा रस्ता आहे, त्यावर कधीतरी वेगळं बोलू. स्पिनिंग रीलमध्ये ल्युअर फक्त लाइन ओढतो. गुंडाळताना स्पूल थांबलेला, आणि रोटर त्याच्याभोवती फिरून लाइन घालतो.

मग स्पूल फिरतो तरी कधी? मासा ओढतो तेव्हा. तेच ड्रॅग. माझ्या मते अल्ट्रालाइट रीलमध्ये पैसे द्यायचे ते या एका गोष्टीसाठी, बाकी सगळं नंतर.

कोकणात हातदोरीने गरवणारे लोक बघितलेत ना? रॉड नाही, रील नाही, तंगूस आणि गरी. मोठा मासा लागला की ते तंगूस घट्ट धरून ठेवत नाहीत. बोटांमधून सोडतात, थोडं थोडं, ताण ठेवून. मासा थांबला की ओढतात, पळाला की परत सोडतात. त्यांची बोटं म्हणजे ड्रॅग. रीलमध्ये हेच काम स्पूलच्या आतल्या चकत्या करतात: एक चकती धातूची, एक फेल्टची किंवा कार्बनची, अशा एकावर एक. वरचा नॉब आवळला की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि स्पूल फिरायला जास्त जोर लागतो.

आता थोडं गणित, पळू नका. नेहमीचा हिशेब असा की ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथा हिस्सा, फार तर तीस टक्के ठेवायचा. चार पाउंड म्हणजे १.८ किलो. त्याचा चौथा हिस्सा ४५० ग्रॅम. तीस टक्के म्हणजे ५४० ग्रॅम. धरा अर्धा किलो. लाइन दोन पाउंडाची असेल तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. ब्रेड लावलात आणि पुढे चार पाउंडाचा लीडर असेल, तर हिशेब लीडरचा करायचा. ब्रेड कितीही दणकट असो, तुटणार ते सगळ्यात कच्च्या जागी.

म्हणजे आपलं सगळं आयुष्य पाव किलो ते पाऊण किलोच्या मध्ये चाललंय. आणि खोक्यावर काय लिहिलेलं असतं? "मॅक्स ड्रॅग ५ किलो." कशाला हवाय? पाच किलोचा ड्रॅग चार पाउंडाच्या लाइनवर वापरायची वेळच येणार नाही, लाइन त्याच्या कितीतरी आधी गेलेली असेल. रील पाच किलोला काय करतं हा प्रश्न आपला नाही. अर्ध्या किलोला काय करतं, हा आहे. हे खोक्यावर कधीच छापलेलं नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं, आणि बघायला खर्च येतो एका पाण्याच्या बाटलीचा.

नीट ऐका, ही आजची मुख्य गोष्ट. अर्धा लिटरची पाण्याची बाटली घ्या. पाणी अर्धा किलो, वर प्लास्टिकचे थोडे ग्रॅम. चार पाउंडाच्या लाइनसाठी हे अगदी बरोबर वजन आहे. दुकानात जाताना सोबत पाच-सात मीटर साधी लाइन ठेवा, कारण नवीन रील रिकामं असतं. लाइन स्पूलला घट्ट बांधा, गाठीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, म्हणजे घसरणार नाही. रील हातात धरा, बेल बंद. लाइन रोलरवरून खाली सोडून टोकाला बाटली बांधा. ड्रॅग पूर्ण आवळा, बाटली लटकलेली राहील. आता नॉब हळूहळू सैल करत जा, बाटली खाली सरकायला लागेपर्यंत. आणि बघा.

चांगल्या रीलवर बाटली लिफ्टसारखी खाली जाते. एकसारखी, टिकटिक आवाज करत. खराब रीलवर ती धक्के खात जाते: थांबली, गचकन दोन इंच खाली, परत थांबली, परत गचकन. हा प्रत्येक गचका म्हणजे पाण्यात लाइनवर बसणारा झटका. रॉड थोडा झटका पचवतो, पण गाठ सगळंच पचवत नाही, आणि अल्ट्रालाइटचे बारीक तारेचे गळ सरळ व्हायला वेळ लागत नाही.

इथवर झालं की दुसरा अर्धा भाग करा, कारण खरी परीक्षा ती आहे. बाटली सरकत असताना खालून हात लावून थांबवा. दहा सेकंद थांबा. हळूच हात काढा. काय होतं? आपणहून परत सरकायला लागली तर उत्तम. लटकून बसली, आणि थोडा धक्का दिल्यावर एकदम सुटली, तर त्या ड्रॅगचा सुरुवातीचा जोर नंतरच्या जोरापेक्षा जास्त आहे. जड कपाट ढकलताना पहिला रेटा जास्त लागतो आणि मग ते सरकतं, तसंच. मासा नेमका या पहिल्या रेट्यातच लाइन तोडतो. पहिल्यांदा पळताना, आणि काठाजवळ आल्यावर आपल्याला बघून परत उसळी मारताना.

मग बाटली अर्धी रिकामी करा आणि पाव किलोवर हेच परत करा. इथे बरीच रीलं उघडी पडतात. नॉब पाव फेरा फिरवला की एकदम मोकळं, पाव फेरा उलटा की एकदम जाम. मधलं काही नाहीच. गॅसच्या शेगडीसारखं बघा: मोठी आच आणि बंद एवढंच असेल तर त्यावर दूध कसं तापवणार? आपल्याला मंद आचेचा नॉब पाहिजे. म्हणून ड्रॅग सैलपासून आवळेपर्यंत नॉबचे किती फेरे बसतात ते मोजा. जास्त फेरे म्हणजे जास्त बारीक हातोटी.

दुकानदार वैतागेल? थोडासा वैतागेल. पण पाच मिनिटं बाटली लटकवू न देणाऱ्या दुकानातून मी तरी रील घेणार नाही. ऑनलाइन मागवलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत हे घरी करा, स्पूलभर लाइन भरायच्या आधी आणि खाऱ्या पाण्यात न्यायच्या आधी. फक्त बाटलीऐवजी मोबाइल लटकवू नका. वजन जुळेल कदाचित, पण गाठ सुटली तर मला मेसेज करू नका.

ड्रॅगबद्दल अजून एक. पुढे नॉब असलेलं, म्हणजे फ्रंट ड्रॅगचं रील घ्या. नॉब मागे असतो त्यात चकत्या लहान असतात, पुढच्या ड्रॅगमध्ये त्या स्पूलच्या आत मोठ्या बसतात. मोठ्या चकत्यांवर कमी वजनाचं काम जास्त एकसारखं होतं.

बरं, आता बेअरिंग. तो १३+१ वाला स्क्रीनशॉट. बेअरिंग म्हणजे फिरणाऱ्या दांड्याखाली बसवलेली गोळ्यांची कडी. "+१" म्हणजे बहुतेक वेळा हँडल उलटं फिरू न देणारं एकदिशा बेअरिंग. बाकीची कुठे आहेत ते महत्त्वाचं. मुख्य गिअरच्या दोन्ही बाजूंना एकेक, पिनियनला एक, आणि लाइन रोलरमध्ये एक. एवढी चांगल्या दर्जाची असली तर अल्ट्रालाइटचं काम झालं. म्हणजे चार. त्यापुढची हँडलच्या नॉबमध्ये, इकडे-तिकडे. काही उपयोगाची, काही आकडा वाढवायला. तेरा हलकी बेअरिंग आणि सैल गिअर, यापेक्षा चार धड बेअरिंग आणि नीट कापलेला गिअर हजार पटीने बरा. खोक्यावर संख्या छापतात, दर्जा छापत नाहीत. म्हणून आकडा बघून निर्णय नको.

यातलं लाइन रोलरचं बेअरिंग मी मुद्दाम वेगळं काढतो. बेलच्या एका टोकाला जी छोटी चकती असते, जिच्यावरून लाइन वळते, ती रोलर. जाड लाइनवर, जोराच्या ओढीवर ती फिरतेच. दोन पाउंडाच्या लाइनवर, हलक्या ओढीवर फिरेलच असं नाही. न फिरली तर लाइन तिच्यावरून घासत जाते, पीळ पडतो, आणि तासाभराने लाइन हातात शेवयांसारखी येते. तपासायला रोलरवर मार्करने ठिपका द्या, लाइन हलक्या हाताने ओढा, ठिपका फिरतोय का बघा. फिरत नसेल तर बाकी कितीही भारी असो, ते रील आपलं नाही.

आता "स्मूथ" हा शब्द. इन्स्टावर ते व्हिडिओ बघितले असतील: हँडलला टिचकी मारली की रील अर्धा मिनिट फिरत राहतं आणि खाली सगळे फायरचे इमोजी टाकतात. दिसायला मस्त. पण त्यातून एवढंच कळतं की आत ग्रीस कमी आहे. ग्रीस काढून टाकलं तर साधंसं रीलही भिंगरीसारखं फिरेल, आणि काही महिन्यांत गिअर खरखर करेल. उलट चांगलं ग्रीस भरलेलं रील टिचकी मारल्यावर दोन फेऱ्यांत थांबतं, पण पाण्यात लोण्यासारखं चालतं.

खरं स्मूथ ओढीखाली कळतं. मित्राला लाइनचं टोक हातात धरून हलकं ओढायला सांगा, पाव किलोच्या अंदाजाने, आणि हँडल फिरवा. दळल्यासारखं बारीक काही हाताला जाणवतंय का? एका ठरावीक जागी दर फेऱ्याला अडकल्यासारखं होतंय का? मग हँडल मोकळं सोडून जोरात फिरवा, रॉड थरथरतो का बघा. थरथरला तर रोटरचा तोल बरोबर नाही. हँडल पुढे-मागे हलवून किती ढिलं आहे तेही बघा. स्क्रूसारखं थेट गिअरमध्ये आवळलं जाणारं हँडल सहसा कमी ढिलं असतं, घडीचं हँडल जास्त.

अल्ट्रालाइटमध्ये हे का महत्त्वाचं? कारण चिलापीची टोचणी म्हणजे कुणीतरी लाइनला नखाने टिचकी मारावी एवढीच असते. रीलचीच खरखर हाताला येत असेल तर मासा आला कधी आणि गेला कधी, पत्ताच लागणार नाही.

वजनाकडे येऊ. सगळ्यांना हलकं हवंय, बरोबर आहे. सकाळी दोन-तीन तास उभं राहून दोन-तीनशे कास्ट मारले की मनगट बोलायला लागतं. आता बाजारात या आकाराची रीलं साधारण दीडशे ग्रॅमपासून अडीचशेपर्यंत आहेत. शिमानोचं २०२० मध्ये आलेलं व्हॅनफर्ड सी२०००एस दीडशे ग्रॅमचं आहे. त्याची बॉडी शिमानो ज्याला सीआय४+ म्हणतं त्या कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकची. दायवाचा तसाच माल झायॉन नावाने येतो. ही महाग जमात. स्वस्तात मिळणारी बहुतेक रीलं दोनशेच्या वरची.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. अडीचशेवरून दोनशेवर आलात तर हाताला फरक कळतो. दोनशेवरून एकशे ऐंशीवर आलात तर पाकिटाला कळतो, हाताला फारसा नाही. कारण रील मनगटाच्या अगदी जवळ असतं. दमवतं ते रॉडच्या टोकाकडचं वजन. म्हणून रील एकटं तराजूवर ठेवू नका, रॉडला लावून तोल बघा. रॉडच्या मुठीखाली, रीलच्या पायाच्या जरा पुढे एक बोट ठेवा. तिथे आडवा राहिला तर जोडी जमली. टोक खाली झुकलं तर रील फारच हलकं आहे, आणि दिवसभर तुमचं मनगट ते टोक उचलून धरणार. अल्ट्रालाइट रॉड शंभर ग्रॅमच्या आसपास असतात, त्यांना एकशे ऐंशी ते सव्वादोनशेचं रील बहुधा छान बसतं. लांब, सात फुटी रॉडला उलट थोडं जडच रील बरं.

एका ठिकाणी मात्र हलकेपणाला खरंच किंमत आहे, ती म्हणजे रोटर. रोटर फिरतो. फिरणारी वस्तू जड असली की सुरू करायला जोर लागतो आणि थांबवायलाही. अल्ट्रालाइटमध्ये आपण सरळ गुंडाळत नाही. अर्धा फेरा, थांब, टिचकी, पाव फेरा, थांब. जड रोटर थांबवल्यावरही पुढे जाऊ बघतो आणि ल्युअरची चाल बिघडते. एकाच वजनाची दोन रीलं असली तर दोन बोटांनी हँडल सुरू-बंद, सुरू-बंद करून बघा. जे बोटांचं ऐकतं ते घ्या.

साइजबद्दल पटकन. ५००, १०००, २०००, २५०० असे आकडे असतात. ५०० चं दिसायला फार गोड, खेळण्यासारखं. पण स्पूल इतका लहान की साध्या नायलॉनला स्प्रिंगसारखी वेटोळी पडतात आणि कास्ट आखूड जातो. १००० किंवा कॉम्पॅक्ट २००० घ्या. शिमानोमध्ये आकड्याआधी "सी" असेल तर बॉडी एक नंबर लहान, आणि मागे "एस" असेल तर स्पूल उथळ, बारीक लाइनसाठी. उथळ स्पूल आपल्या कामाचा: कमी लाइनमध्ये काठोकाठ भरतो. आणि दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका. दायवाने तर एलटी मालिका आणली तेव्हा स्वतःचेच आकडे बदलले, त्यामुळे जुन्या दायवाचा आणि नव्या दायवाचा तोच नंबर म्हणजे तेच रील नव्हे.

गिअर रेशो: ५ च्या आसपासचा घ्या, विषय संपला. कुणाला कारण हवं असेल तर हे बघा. स्पूलचा व्यास ४३ मिलिमीटर असेल तर एका वेढ्यात साडेतेरा सेंटिमीटर लाइन बसते. ५:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात पाच वेढे, साधारण ६७ सेंटिमीटर. छोटं ल्युअर हळू चालवायला हे पुरे. ६ च्या वरचा रेशो घेतलात तर हात सारखा आवरावा लागेल.

बजेट. समजा सगळं मिळून पाच हजार आहेत. मी निम्मे रीलवर टाकेन, दीड हजार रॉडवर, आणि उरलेले चांगल्या लाइनवर आणि थोड्या ल्युअरवर. बरेच जण उलटं करतात, रील-रॉडवर सगळे उडवतात आणि लाइन पन्नास रुपयांची. जुनं रील कुणी विकत असेल तर घ्यायला हरकत नाही, बाटली तिथेही लटकवा. वापरलेलं चांगलं रील नव्या चमकदार रीलपेक्षा पुष्कळदा बरं निघतं. फक्त खाडीत वापरलेलं असेल तर रोलर आणि बेलचे सांधे गंजलेत का ते बघून घ्या.

रील घरी आलं की लाइन भरताना दोन गोष्टी. स्पूलच्या कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. जास्त भरलीत तर वेटोळी एकदम सुटून गुंता, कमी भरलीत तर कास्ट आखूड. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळू नका, तो अख्खाच घसरून फिरतो आणि वाटतं ड्रॅग बिघडला. खाली थोडं नायलॉन गुंडाळा, मग ब्रेड. पीई ०.६ पुरे होतो, जेमतेम ०.१३ मिलिमीटरचा. आणि कास्ट झाल्यावर बेल हाताने बंद करायची सवय लावा. हँडल फिरवून बंद केली की एखादं ढिलं वेटोळं आत राहतं, आणि पुढच्या चार कास्टनंतर त्याचा गुंता होतो.

पाण्यावर ड्रॅग लावताना लक्षात ठेवा, बाटली आपण सरळ रीलवरून लटकवली होती. रॉड वाकला की लाइन प्रत्येक कडीवर घासते, म्हणजे माशाला जाणवणारी ओढ त्याहून जास्त. शिवाय मासा लांब पळाला, स्पूल रिकामा होत गेला, की वेढ्याची त्रिज्या कमी होते आणि नॉबला हात न लावताही ड्रॅग वाढतो. त्रिज्या निम्मी झाली तर दुप्पट. म्हणून पळणाऱ्या माशावर घाबरून नॉब आवळायचा नाही. गरज पडली तर स्पूलच्या कडेला बोट टेकवा, हातदोरीवाल्यांसारखं. नको असेल तेव्हा बोट लगेच उचलता येतं, आवळलेला नॉब तेवढ्या घाईत सैल होत नाही.

खाडीवरून आल्यावर ड्रॅग आवळा, म्हणजे चकत्यांमध्ये पाणी शिरणार नाही. नळाच्या हलक्या धारेखाली रील धुवा. बादलीत बुडवायचं नाही, जोरात फवारायचं नाही, त्याने मीठ आत ढकललं जातं. पुसा, सावलीत वाळवा, आणि मग ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर फेल्टच्या चकत्या दबून बसतात, आणि पुढच्या वेळी बाटली गचके खात खाली येते. रोलरला एक थेंब तेल. एकदिशा बेअरिंगमध्ये तेल ओतू नका, हँडल उलटं घसरायला लागतं. ड्रॅगच्या चकत्यांवर साधं मशीन तेल अजिबात नाही.

जाता जाता, बऱ्याच जणांनी विचारलंय की कुठे जायचं. आपल्याकडच्या पुष्कळ धरणांत आणि तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. काठावर बसायच्या आधी गावात विचारा, परवानगी घ्या. चिलापीसाठी आलोय म्हटलं की बहुतेक वेळा कुणी फार ताणत नाही. ती मूळची आपली नाहीच, आफ्रिकेतली, १९५२ मध्ये भारतात आणलेली, आणि आता जिथे-तिथे पसरलेली. घरी नेऊन तळलीत तर माझी काही तक्रार नाही.

पुढच्या भागात लीडरच्या गाठी. एफजी आणि डबल युनी, दोन्ही हळूहळू बांधून दाखवतो, म्हणजे तो भाग व्हिडिओसकट येईल. तोवर बाटली लटकवून बघा आणि तुमच्या रीलवर ती लिफ्टसारखी गेली की गचके खात, ते कळवा. रीलचं नाव आणि किती जुनं आहे तेही लिहा.